पाणी गेलं, बाकी सगळं राहिलं

सोनीनं जेवण सोडलं त्याला दोन दिवस झाले होते. सोनी म्हणजे आमची कुत्री. हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या गल्लीतच जन्मलेली, आता तेरा वर्षांची. दहीभात पुढे तसाच राहिला, पाकिटातले कोरडे दाणेही तसेच. दवाखान्यात रक्त तपासलं, दात पाहिले. मोठं दुखणं काही निघालं नाही. वय झालं होतं, आणि वयाबरोबर नाक मंदावलं होतं. कुत्रं आधी वासानं जेवतं, जिभेची पाळी नंतर येते.

डॉक्टरांनी कपाटातून एक चकचकीत पाकीट काढलं. “फ्रीझ-ड्राय चिकन है, मॅडम. दो टुकडे चूरा करके खाने के ऊपर डालिए.” तुकडा हातात घेतला तर थर्मोकोलसारखा हलका, रंग फिकट गुलाबी. बोटांत दाबला की भुगा होत होता. वास मात्र खाटकाच्या दुकानातला. त्या संध्याकाळी भातावर तो चुरा भुरभुरला आणि सोनीनं ताटली चाटून स्वच्छ केली. मला इतका आनंद झाला की पाकिटावर काय लिहिलंय हे वाचायलाही मी थांबले नाही. ते वाचलं पुढच्या आठवड्यात, आणि मग बरंच वाचत गेले.

मांस वाळवून ठेवणं आपल्याला नवं नाही. कोकणात सुकट, जवळा, बोंबील. मराठवाड्यात मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळवायच्या, त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची जी नोंद केली, तीत चान्या आहेत. बकरीदेनंतर हैदराबादच्या जुन्या शहरात गच्च्यांवर गोश्त वाळत घातलेलं दिसतं, तेही त्याच कुळातलं. 1948 पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच निजामी राज्यात होतं. खाण्यापिण्यातल्या अशा खुणा सरहद्दी बदलल्या तरी राहतात. या सगळ्या वाळवणात ऊन काम करतं. उन्हानं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना मांस आकसतं, कडक होतं, काळपटतं. शिवाय पुष्कळदा मीठ लागतं. म्हणूनच सुकट-बोंबील कुत्र्याला द्यायचे तर बारकाईनं धुवून आणि अगदी थोडे. त्यांतलं मीठ त्याला सोसत नाही.

फ्रीझ-ड्राय करताना ऊन नसतं. ही रीत समजून घ्यायची तर देव्हाऱ्यातला कापूर आठवावा. डबी उघडी राहिली तर वडी दिवसागणिक लहान होते, पण डबीत ओल दिसत नाही. घन पदार्थ वितळल्याशिवाय थेट वायू होतो. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हटलेलं असतं. बर्फालाही हे जमतं, पण त्यासाठी हवेचा दाब फार खाली आणावा लागतो. हवेचा नेहमीचा दाब सुमारे 1013 मिलिबार. तो सहा मिलिबारच्या खाली नेला की पाण्याला द्रवरूपात राहताच येत नाही; तिथे एक तर बर्फ, नाही तर वाफ. म्हणून मांस आधी उणे 30–40 अंशांपर्यंत गोठवतात, बंद कपाटात हवा काढून घेतात आणि ट्रे अगदी हळू ऊब देत ठेवतात. बर्फ जागच्या जागी वाफ होऊन निघून जातो आणि जिथे तो होता तिथे सूक्ष्म पोकळी राहते. म्हणून तुकडा आकसत नाही, हलका होतो, आणि पाणी घातलं की त्या पोकळ्या ते शोषून घेतात. हे व्हायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. वीज भरपूर लागते, म्हणून माल महाग.

आणि वजन? कोंबडीच्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. किलोभर मांस सुकलं की पाव किलोच्या आसपास उरतं. 50 ग्रॅमचं पाकीट हातात घ्याल तेव्हा ते साधारण 200 ग्रॅम चिकन आहे एवढा हिशेब मनात करावा आणि मग पुढच्या चौकातल्या चिकनवाल्याचा भाव आठवावा. पैशांची गोष्ट मी यापुढे काढणार नाही, पण प्रत्येकानं हा गुणाकार एकदा तरी करावा असं मला वाटतं.

हैदराबादला ही रीत परकी नाही. झटपट कॉफीची निर्यात करणाऱ्या सीसीएल प्रॉडक्ट्सचं मुख्यालय या शहरात, आणि त्यांची फ्रीझ-ड्राय कॉफी गुंटूर जिल्ह्यातल्या डुग्गिराल्याच्या कारखान्यात तयार होते. गच्चीबावलीच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची अभयरॅब ही माणसांसाठीची रेबीजची लस अशीच सुकवून कुपीत भरलेली असते. पण मला खरा उलगडा झाला तो सोनीच्याच दवाखान्यात. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी पिल्लाला डिस्टेंपर आणि पार्व्होची लस टोचणं चालू होतं. दोन कुप्या: एकीत पाणी, दुसरीच्या तळाशी पांढरट टिकली. डॉक्टरांनी सुईनं पाणी त्या टिकलीवर सोडलं, कुपी हलवली, टिकली विरघळली. ही जिवंत विषाणूंची लस. विषाणू दुबळे केलेले, पण जिवंत. त्यांना महिनोन् महिने जिवंत ठेवायचं तर उपाय कोणता? गोठवा आणि निर्वातात सुकवा.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा जो राष्ट्रीय संग्रह आहे, तिथेही जिवाणू असेच काचेच्या नळ्यांत सुकवून जपले जातात. वर्षांनी पाणी आणि अन्न मिळालं की ते पुन्हा वाढतात. म्हणजे जी रीत विज्ञानानं जंतू टिकवण्यासाठी वापरली, तीच रीत पाकिटातल्या कच्च्या मांसाला लावलेली आहे. पाणी जातं. प्रथिनं राहतात, चव राहते, वास राहतो, आणि मांसात साल्मोनेला हा रोगजंतू असेल तर तोही राहतो. कोरड्या तुकड्यात तो वाढत नाही, हे खरं. पण न वाढणं वेगळं आणि मरणं वेगळं. आपण पाणी घालून तो तुकडा भिजवला आणि ताटली जूनच्या दमट दुपारी ओट्याखाली ठेवली, की त्याला हवं ते सगळं मिळतं.

हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2010 ते 2012 या काळात बाजारातल्या कच्च्या पेट-फूडचे 196 नमुने तपासले. 15 मध्ये साल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस सापडला. 2012 मध्ये तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं कच्चं मांस देऊ नये असं धोरण जाहीर केलं. पुष्कळदा कुत्र्याला स्वतःला काहीच होत नाही. त्याचं पोट हे जंतू सोसून नेतं, पण त्याच्या शीतून, तोंडातून, ताटलीतून ते घरात फिरतात. धोका मग रांगणाऱ्या मुलाला, गरोदर सुनेला, केमोथेरपी घेणाऱ्या आजोबांना.

त्यात आता बर्ड फ्लू आला आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच5एन1 मुळे गेले. संशय कोंबडीच्या मांसावर होता. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गोठवलेलं कच्चं टर्कीचं खाद्य खाऊन एक पाळीव मांजर याच रोगानं मेलं. गोठवल्यानं हा विषाणू मरत नाही, शिजवल्यानं मरतो.

काही उत्पादक मांस सुकवण्याआधी त्यावर प्रचंड दाब देतात, 600 मेगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ सहा हजार पट. त्यानं पुष्कळ जिवाणू मरतात आणि मांस कच्चंच राहतं. काही जण मांस शिजवून मग फ्रीझ-ड्राय करतात. माझ्या मते घरासाठी हे शिजवलेलंच घ्यावं. पण पाकिटाच्या दर्शनी बाजूवर हे मोठ्या अक्षरात नसतं, मागे वाचावं लागतं. आणि वाचावं लागतं ते आपल्यालाच, कारण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसासाठीचं अन्न. जनावरांचं खाद्य त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जो परवाना क्रमांक आपण शोधतो, त्याचा पहारा इथे नाही.

कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते लांडग्याचा दाखला देतात. कुत्रा लांडग्याचा वंशज आहेच. पण 2013 मध्ये स्वीडनच्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या जनुकांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये मांडला. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात फक्त दोन प्रती, कुत्र्यात कित्येक पटींनी जास्त. माणसानं शेती केली आणि कुत्रा उष्ट्यावर वाढला, त्याची ही जनुकांतली नोंद. मराठवाड्यातल्या वस्तीवरचा करवानी शिकारी कुत्रा जोंधळ्याच्या भाकरीवर आणि ताकावर ससे पकडत आला. तेलंगणातल्या घरातली कुत्री पेरुगन्नम, म्हणजे आपला दहीभात, खात आली. भाकर कुत्र्याला परकी नाही. नुसती भाकर पुरत नाही, एवढंच. आणि नुसतं मांसही पुरत नाही. हाडाशिवायच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाला तेवढंच दिलं तर हाडं वाकतात. म्हणूनच अशा पाकिटांवर बहुधा ‘पूरक आहार’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असा बारीक मजकूर असतो. पाकिटावरचा ‘टॉपर’ हा शब्द खरा मानावा: वरून घालायचं, पोट त्यावर भरायचं नाही.

किती घालायचं? पशुवैद्य सांगतात, खाऊ आणि टॉपर मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसावेत. सोनीचं वजन 18 किलो. वयस्क, नसबंदी झालेली. तिला दिवसाला साधारण 850 कॅलरी लागतात. दहा टक्के म्हणजे 85. फ्रीझ-ड्राय चिकनच्या ग्रॅमला सुमारे चार कॅलरी धरल्या तर वीस ग्रॅम. तुकडे इतके हलके असतात की वीस ग्रॅम म्हणजे ओंजळभर दिसतं. छोट्या पॉमेरेनियनला तीच ओंजळ दिली तर त्याच्या दिवसाच्या जेवणाचा मोठा वाटा त्यातच जातो. कलेजीचं पाकीट असेल तर हात आणखी आखडावा. कलेजीत अ जीवनसत्त्व मुळातच फार, पाणी गेल्यावर ते आणखी दाट होतं. रोज मूठभर देत राहिलं तर महिन्यांनी सांधे आणि मणके दुखायला लागू शकतात.

हैदराबादमध्ये राहून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इथे खाऊ म्हणून कुत्र्यापुढे सर्रास उरलेली बिर्याणी येते. तीत तळलेला कांदा असतो, लसूण असतो. कांदा कच्चा असो, तळलेला असो, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात. ज्या प्रेमानं ती पत्रावळ गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ठेवली जाते ते प्रेम मला ठाऊक आहे. त्याच हातानं नुसता भात आणि एक उकडलेलं अंडं ठेवावं.

पाकीट उघडलं की ते हवाबंद बरणीत ठेवावं, आतली सिलिकाची पुडी फेकू नये. पावसाळ्यात हा माल खाकऱ्यासारखाच हवेतली ओल ओढतो. हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, ताटली वेगळी घासायची. भिजवलेलं अन्न दोन तासांत उचलायचं, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात. म्हणजे इथल्या मे महिन्यात तासाभरातच.

हे सगळं कळल्यावर मी काय केलं? त्या पाकिटावर मागे ‘कच्चं’ असं होतं. दिवाळीला लेक येणार होती आणि तिच्याबरोबर दहा महिन्यांची नात, सगळीकडे रांगणारी, सोनीच्या शेपटीमागे लागणारी. मी डॉक्टरांना फोन केला. “फिर पका के देओ, मॅडम,” ते म्हणाले. “बास तो गरम चिकन का भी आता.” त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. आता रोज 80 ग्रॅम चिकन बिनमिठाचं उकडते, हातानं बारीक तोडते आणि कोमट रस्सा भातावर ओतते. वाफेबरोबर वास उठतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नखांचा टकटक आवाज येतो. पाकिटातले उरलेले तुकडेही मी तसेच उकळून वापरले.

आमच्या इमारतीचा राखणदार नेपाळचा. त्यांच्याकडे दिवाळीच्या दिवसांत कुकुर तिहार असतो, कुत्र्याची पूजा. नरक चतुर्दशीला पहाटे आमची अभ्यंगस्नानं आटपली तेव्हा त्याची बायको झेंडूची माळ घेऊन दारात उभी होती. तिनं सोनीच्या कपाळाला लाल टिळा लावला, गळ्यात माळ घातली आणि पुढे उकडलेलं अंडं ठेवलं. मी शेजारी रश्शातला भात ठेवला. सोनीनं दोन्ही संपवलं, ताटली कोपऱ्यापर्यंत ढकलत चाटली, आणि मग वळून नातीचा पसरलेला हात चाटला.