रामनवमी की कार्तिक? : विस्थापितांसाठी औषधयात्रेचे नियोजन

भद्राचलमच्या श्रीरामाचे दर्शन घ्यावे आणि त्याच प्रवासात आसपासच्या जंगलांतील विस्थापितांना औषधे द्यावीत, असा प्रस्ताव आमच्या भजनी मंडळाने मांडला. चंद्रपूर-गडचिरोलीतील आम्हा वैद्यांना व औषधविक्रेत्यांना तो तत्काळ पसंत पडला. मुहूर्त अर्थातच रामनवमीचा ठरला. नियोजनास बसलो तेव्हा मात्र आमचे अज्ञान उघडे पडू लागले.

२००५ च्या जूनमध्ये बस्तरात सलवा जुडूम सुरू झाले. एकीकडे नक्षलवादी, दुसरीकडे जुडूम, अशा कात्रीत सापडलेली हजारो आदिवासी कुटुंबे घरदार सोडून गोदावरीकाठच्या, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील जंगलांत गेली. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून शस्त्रे देणे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी घटनाबाह्य ठरविले. तरीही अनेक कुटुंबे परतली नाहीत. देशाची सीमा ओलांडली नाही म्हणून कायद्याने ती निर्वासित नव्हेत. छत्तीसगडात अनुसूचित जमातीत गणली जाणारी ही माणसे तेलंगणात त्या दर्जाला मुकली.

पहिला वाद तिथीवरूनच झाला. चैत्रात रस्ते कोरडे, मंदिरात उत्सव. आमची सोय उत्तम. परंतु विषमज्वराचा जोर असतो पावसाळ्यात आणि त्यानंतर. चैत्रात गेलो तर दर्शन घडेल, रुग्ण मात्र फारसे भेटणार नाहीत. बराच खल होऊन यात्रा कार्तिकात नेण्याचे ठरले. काही ज्येष्ठ सदस्य नाराज झाले, हे लपवीत नाही.

त्याहून मोठा प्रश्न पेटीत काय भरावे हा होता. ज्वर म्हटला की आपला हात त्रिभुवनकीर्तीकडे जातो. फाल्सिपेरम मलेरियात बालक दोन-तीन दिवसांतही हातचे जाऊ शकते. म्हणून ज्वराच्या प्रत्येक रुग्णाची प्रथम रक्तचाचणी, आणि दोष आढळल्यास शासकीय आरोग्य केंद्राचाच उपचार. महासुदर्शन त्याची जागा घेणार नाही. त्रिभुवनकीर्ती व संजीवनी वटी या दोहोंत वत्सनाभ आहे. ज्याची भाषा येत नाही त्याच्या हाती असे कल्प देऊन निघून येणे आम्हास मान्य नाही. पांडुता दिसली की मंडूर, हाही परिपाठ आवरावा लागेल. या पट्ट्यात सिकलसेल आढळतो; तेथे फिकटपणा म्हणजे लोहाची उणीव असेलच असे नाही. उरतात ती साधी द्रव्ये: जखमांसाठी जात्यादि तेल, खरजेसाठी करंज तेल, आणि अतिसारासाठी कुटजापूर्वी जलसंजीवनीची पाकिटे.

मूर्ती, पोथ्या, फलक न्यावेत का? आम्ही नाही म्हटले. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे प्रथम माडिया भाषा शिकले. आम्हास तेवढा अवधी नाही. म्हणून भामरागड भागातील दोन माडिया भाषिक सोबत घेत आहोत. कोया बोली त्यांना जवळची. भजन होईल ते आमच्या मुक्कामी.

तेथील जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी अनुमती हाती आल्याविना सिरोंच्यापुढे जायचे नाही, हे ठरले आहे. औषधालयांच्या मालकांना एक विनंती: कागदाच्या पुड्यांतील चूर्णे पाठवू नयेत. तपासणी नाक्यावर नाव नसलेली पूड म्हणजे संशय, आणि तो वस्तीवरही जातो. मोहोरबंद, नाव व मुदत छापलेलीच पाकिटे द्यावीत. काचेच्या बाटल्या टाळाव्यात. मुदत संपत आलेला माल दानात काढण्याची रीत आपल्या व्यवसायात आहे, तिला येथे स्थान नाही.