राज्याचं काम (लेखांक 7) : जामिनाच्या रांगेत न्यायालय

मागच्या लेखांकात नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारबद्दल लिहिलं होतं. तिथे झळ बसली ती नाटकवाल्यांना. बिहारमध्ये मात्र दारूशी काडीचा संबंध नसलेली माणसंही भरडली गेली.

एप्रिल 2016 मध्ये नितीशकुमार सरकारने तिथे संपूर्ण दारूबंदी आणली. मागणी बायकांची होती आणि ती अगदी खरी होती. मजुरी गुत्त्यावर संपते आणि मार घरात येतो, हे गडचिरोली-चंद्रपूरच्या बायांना कुणी सांगायला नको. बिहारच्या बायकांनाही मार थांबायला हवा होता. मारणाऱ्याला धरणं हे सरकारचं पहिलं काम. ते सोडून सरकारने स्वतःच्या घरात शांतपणे घोटभर घेणाऱ्यालाही तुरुंगाची वाट दाखवली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात तर घर जप्त करण्याची आणि अख्ख्या गावाला सामूहिक दंड करण्याचीही तरतूद होती. माणसाच्या उंबऱ्याच्या आत इतकं शिरण्याचा अधिकार सरकारला कुणी दिला, असं मला हा कायदा वाचताना सतत वाटत राहतं.

आता हिशेब पाहा. बाटली सापडली की पंचनामा, जप्ती, नमुन्याची तपासणी, आरोपपत्र, मग जामीन. यातलं बरंचसं काम नेहमीच्याच पोलिसांवर पडलं. चोरीचा, खुनाचा, बायकोला जाळल्याचा तपास ज्याच्याकडे, तोच हवालदार गाड्यांच्या डिक्या उघडत उभा. पाटणा उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर पदं 53. त्या काळात त्यांतली जवळपास निम्मी रिकामी होती, आणि जे होते त्यांच्यापुढे दारूच्या जामीन अर्जांचा ढीग. डिसेंबर 2021 मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी दूरदृष्टी नसलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून बिहारच्या या कायद्याचंच नाव घेतलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात बोलून दाखवलं गेलं, की पाटण्याचे 14-15 न्यायाधीश याच अर्जांत गुंतलेत आणि बाकीचे खटले खोळंबलेत. त्या खोळंबलेल्यांत जमिनीचे दावे असतील, पोटगीचे अर्ज असतील. मार खाणारी बाई न्याय मागायला जिथे जाणार, ती वाटच तिच्या नावाने केलेल्या कायद्याने अडवली.

मुळात आपल्याकडे न्यायाधीश थोडे. दहा लाख लोकांमागे 50 असावेत, असं विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितलं; आज मंजूर पदं धरूनही आकडा विशीच्या आसपास आहे. इतकं तुटपुंजं बळ कशावर खर्च करायचं, हे ठरवणं म्हणजेच राज्य चालवणं.

एवढं करून दारू थांबली का? डिसेंबर 2022 मध्ये बिहारच्याच सारण जिल्ह्यात विषारी दारूने कितीतरी घरं उजाड झाली. ते विष गाळणाऱ्यांपर्यंत आधीच पोहोचणं, हे पोलिसांचं खरं काम होतं.

त्याच वर्षी सरकारने कायदा सौम्य केला होता. पहिल्यांदा पिऊन सापडलेल्याला आता दोन ते पाच हजारांचा दंड भरून सुटता येतं. सहा वर्षं लागली त्याला.

तपास रखडू नये म्हणून पोलिसांकडची तपासाची माणसं बंदोबस्ताच्या माणसांपासून वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं होतं. राज्यांनी त्याचं काय केलं, ते पुढच्या लेखांकात.