खारे, गरम पाणी आणि जमिनीखालची वीज

पाणी विजेच्या प्रवाहाला किती विरोध करते, हे विद्युत रोधकतेवरून कळते. ती ओहम-मीटर या एककात मोजतात. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते. विरघळलेल्या क्षारांचे आयन मात्र विद्युतभार वाहून नेतात. त्यामुळे पाणी जितके खारे, तितकी रोधकता कमी. समुद्राच्या पाण्याची रोधकता २५ अंश सेल्सियसला सुमारे ०.२ ओहम-मीटर असते. पाणी तापले की ते पातळ होते, आयन मोकळेपणाने हलतात आणि दर अंशामागे वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. तेच पाणी ७५ अंशांपर्यंत तापवले, तर रोधकता जवळपास निम्म्यावर येते. सुमारे ३०० अंशांच्या पुढे मात्र पाणी विरळ होते, आयनांच्या जोड्या जमतात आणि वाहकता पुन्हा उतरू लागते.

जमिनीखाली हे पाणी खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत असते. कोरडा, अभंग बेसाल्ट वीज वाहू देत नाही. वाहते ती भेगांतल्या पाण्यातून. गस आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या नियमाचा ढोबळ हिशेब असा: खडकात १० टक्के पोकळी असेल आणि ती समुद्राइतक्या खाऱ्या पाण्याने भरलेली असेल, तर त्याची रोधकता पाण्याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे २० ओहम-मीटर भरते. अभंग बेसाल्टची रोधकता शेकडो ते हजारो ओहम-मीटर असते.

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत विहीर किंवा बोअरची जागा ठरवताना हाच फरक उपयोगी पडतो. जमिनीत चार लोखंडी खुंट्या एका ओळीत ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विद्युतदाब मोजतात. माती कोरडी असेल तर खुंटीच्या बुडाशी पाणी ओततात. बाहेरच्या खुंट्यांमधले अंतर वाढवत नेले की अधिक खोलीचा अंदाज येतो.

सांगलीतील वाळवा आणि मिरज तालुक्यांत प्रश्न वेगळा आहे. तिथे उसाला भरपूर पाणी मिळते, पण काळ्या मातीतून निचरा होत नाही. पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि जमीन क्षारपड होते. माती परीक्षणातली ‘ईसी’ म्हणजे विद्युत वाहकताच. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती माती क्षारयुक्त धरतात. रोधकतेच्या भाषेत हा आकडा २.५ ओहम-मीटर होतो.

सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात शोध किलोमीटरांच्या खोलीचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयातील पाण्याचा दाब खोलवरच्या भ्रंशांपर्यंत पोहोचला की तिथले खडक सरकायला मोकळे होतात, म्हणून द्रव कुठे आहे हे महत्त्वाचे. एवढ्या खोलीसाठी मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत वापरतात. तिच्यात वीज सोडावी लागत नाही. विजांचा कडकडाट आणि सूर्यवात यांमुळे पृथ्वीवर उमटणाऱ्या विद्युत-चुंबकीय लहरी पृष्ठभागावर मोजतात. लहरीची वारंवारता जितकी कमी, तितकी ती खोल शिरते.

केवळ कमी रोधकतेवरून मात्र निष्कर्ष काढता येत नाही. तेच मूल्य खारे पाणी, गरम पाणी किंवा ओली चिकणमाती यांपैकी कशानेही येऊ शकते. म्हणून प्रत्यक्ष छिद्र घ्यावे लागते. पाटण तालुक्यातील गोठणे येथे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विंधनछिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. बेसाल्टचे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचे थर ओलांडून ते ग्रॅनाइटी पायाखडकात उतरले. या अभ्यासाचे केंद्र कऱ्हाडची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. खडकाचे नमुने, तापमान आणि भेगांची मोजणी हाती आली, की पृष्ठभागावरून मोजलेल्या रोधकतेचा अर्थ खात्रीने लावता येतो.