धावणाऱ्याने जाण ठेवावी

पहाटे सव्वाचारचा गजर लावलेला असतो धावणाऱ्याने. जाग मात्र साऱ्या घराला येते. दिवा लागतो, कपाटाचे दार करकरते, बुटांचा एक जोड सापडत नाही. ‘तू झोप गं, मी करतो माझं’ असे म्हणत म्हणत आपण घरातल्या माणसाची झोप पुरती उडवून बाहेर पडतो. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला चार वर्षे लागली.

साताऱ्याला २०१२ मध्ये हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, आणि यवतेश्वर घाटाची पहाट हळूहळू बदलत गेली. शिक्षक, वकील, व्यापारी, गृहिणी, निवृत्त माणसे अंधारातच घाट चढू लागली. त्यांत वयाच्या पन्नाशीत मीही सामील झालो. ती २१ किलोमीटरची शर्यत तीनदा पूर्ण केल्यावर चौपन्नाव्या वर्षी मी मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले. अंतर ४२.१९५ किलोमीटर, हाताशी १८ आठवडे. धावण्याचे फायदे या पाक्षिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. मला सांगायची आहे ती त्या १८ आठवड्यांतली घराची बाजू.

वहीतले आकडे

मी सरावाची वही ठेवत असे. अंतर, वेळ, सकाळची नाडी, वजन, झोपेचे तास अशी रकान्यांची नेटकी मांडणी. आठवड्यातून चार दिवस मिळून सुमारे सात तास धावणे, म्हणजे एकंदर १२६ तास. हा हिशेब मला फार मोठा वाटत नव्हता.

पण वहीत न लिहिलेला हिशेबही होता. रात्री नऊला झोपायचे म्हणून घराचे जेवण साडेसातला. शनिवारी कोणाकडे जायचे नाही, कारण रविवारी लांबचे धावणे. रविवारी परतल्यावर न्याहारी, मग दुपारी तीन तास झोप. तेव्हा दूरचित्रवाणीचा आवाज कमी. घामाचे कपडे, आईची औषधे, दूध, भाजी, गॅसचा नंबर हे सारे पत्नीकडे. माझ्या सात तासांसाठी घर आठवड्याला किती तास मोजत होते, याची बेरीज मी कधी केली नाही.

एक रविवार

नोव्हेंबरमधला रविवार होता. ३० किलोमीटर पूर्ण करून मी समाधानाने ओसरीवर टेकलो आणि आत हाक दिली, ‘अगं, लिंबाचं सरबत देतेस का?’ ती धुण्याची बादली घेऊन गच्चीकडे निघाली होती आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली होती. म्हणाली, ‘देते हो, दोन मिनिटं बसू दे.’

ती दोन मिनिटे मी स्वतःची नाडी मोजली.

कन्या सुटीवर आली होती. तिने बादली उचलली आणि शांतपणे विचारले, ‘बाबा, आईला हल्ली जिना चढवत नाही. तुम्हाला माहीत नाही?’

मला माहीत नव्हते. मी उठून पत्नीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. ती पांढुरकी पडली होती. हिमोग्लोबिन भरले ७.९. प्रौढ स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ असावे लागते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पाळी जाण्याच्या काळात, कित्येक महिने तिला अतिरिक्त रक्तस्राव होत होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ आढळली. ती साधी होती, एवढे आमचे नशीब.

दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची पापणी मी सवयीने पाहतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हेही मला पाठ होते. तरी माझ्या घरातली त्यांतली एक मला दिसली नव्हती. ‘सांगितलं का नाहीस?’ असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘दोनदा सांगितलं. एकदा तुम्ही झोपला होतात आणि एकदा बूट बांधत होतात.’

आभार आणि जाण

आपल्या घरांतून आभार मानण्याची रीत नाही. नवऱ्याने बायकोला, मुलाने आईला ‘आभारी आहे’ म्हटले तर ते परके वाटते. ‘आभार कसले मानतोस, घरचेच ना आपण?’ असे उत्तर येते. मात्र जाण ठेवणे हा शब्द आपल्याकडे आहे. आपल्यासाठी कोणी काय केले हे ओळखायचे, लक्षात ठेवायचे आणि कृतीतून फेडायचे, एवढे सारे त्यात येते. गोड बोलून किंवा स्पर्धेनंतर साडी आणून ती फिटत नाही.

मी शर्यत रद्द करतो म्हणालो, तेव्हा पत्नी रागावली. ‘माझ्या नावावर तुमची शर्यत बुडवू नका. धावा, पण घरात राहून धावा.’ त्या संध्याकाळी आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलो. आधी तिच्या तपासण्यांच्या तारखा लिहिल्या, मग आईच्या, मग घरची कार्ये, आणि उरलेल्या जागेत माझे धावणे. चारचे तीन दिवस झाले.

जमण्यासारख्या गोष्टी

त्यानंतर आम्ही जे पाळले, त्यातले काही इतरांच्याही उपयोगी पडेल.

नाव नोंदवण्यापूर्वी घरात विचारावे. पैसे भरून झाल्यावर दिलेली बातमी म्हणजे संमती नव्हे. किती आठवडे, कोणते वार, कोणत्या कामांना आपण हजर नसू, हे आधीच स्पष्ट सांगावे.

स्वतःची तयारी स्वतः करावी. कपडे, बूट, पाण्याची बाटली रात्रीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवावी. घामाचे कपडे आल्याबरोबर स्वतः पिळून वाळत घालावे. धावण्यापूर्वीचे केळे आणि नंतरचे पोहे यांसाठी दुसऱ्याला उठवण्याचे कारण नाही. मी पोहे करायला शिकलो. पहिले दोन रविवार ते चिकट झाले.

लांब धावल्यावर विश्रांती हवीच, पण तिलाही वेळेची मर्यादा असावी. तासभर झोप घेऊन उरलेली दुपार घराला द्यावी. आठवड्यातले एक जेवण असे ठेवावे की ज्यात धावण्याचा विषय निघणार नाही.

घरच्यांचे निरीक्षण गांभीर्याने घ्यावे. सराव अति झाला की चिडचिड वाढते, झोप बिघडते, भूक मंदावते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागते. यांतली पहिली खूण घरच्यांनाच आधी दिसते. ‘हल्ली फार चिडता हो तुम्ही’ हे वाक्य वैद्यकीय सूचना मानून दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. आणि धावताना छातीत दुखणे, घेरी येणे, धडधड होणे असे काही झाले तर ते घरी लपवू नये; धावणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जानेवारी

पत्नीला स्त्रीरोगतज्ज्ञांनी शिरेतून लोह दिले, रक्तस्राव औषधांनी आटोक्यात आणला. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झाले. मुंबईची शर्यत मी योजलेल्या वेळेपेक्षा तब्बल चाळीस मिनिटे उशिरा पूर्ण केली. घरी येऊन पदक तिच्या हाती दिले. तिने ते तळहातावर तोलून पाहिले आणि म्हणाली, ‘लोखंड मला डॉक्टरांनी दिलंय तेवढं पुरे. तुम्ही आंघोळ करून या, आणि येताना गच्चीवरचे कपडे आणा.’

चाळिशीनंतर लांब पल्ल्याचा सराव सुरू करणाऱ्याने रक्तदाब, रक्तशर्करा व ईसीजी करून घ्यावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. आता त्यात एक भर घालतो : तपासणीला एकट्याने येऊ नका. जो जोडीदार तुमच्यासाठी पहाटे जागा होणार आहे, त्याचे किंवा तिचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि शर्करा त्याच दिवशी पाहू या. माझ्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. त्यावर ‘घर’ असे लिहिले आहे, आणि तो पत्नी भरते.