सहा हजारांत शिकायचं, की राबायचं?

सोयाबीन सोंगणीला आलं की बुलढाणा जिल्ह्यात पारावर, कृषी केंद्रात, चहाच्या टपरीवर एक तक्रार हमखास कानावर येते. रेशनचं धान्य फुकट, वर लाडक्या बहिणीचे महिन्याला 1500 रुपये. मग सोंगायला माणूस मिळणार कुठून? 12 फेब्रुवारी 2025 रोजी ही तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयात उमटली. बेघरांच्या निवाऱ्याबद्दलच्या सुनावणीत न्या. भूषण गवई यांनी महाराष्ट्रातल्या शेतीचा स्वतःचा अनुभव सांगितला, आणि अशा योजनांमुळे लोक कामाला तयार होत नाहीत असं मत मांडलं. काम मिळत असेल तर ते नाकारणारा माणूस या देशात क्वचितच सापडेल, असं त्यावर वकील प्रशांत भूषण म्हणाले.

तक्रार खोटी नाही. सोंगणी सगळ्यांची एकदम येते, वर आभाळ भरून आलेलं असतं, आणि उक्त्याचा एकरी भाव रोज चढत जातो. पण हे दिवस संपल्यावर तोच मजूर काय करतो, हेही पाहायला हवं. लोणार, सिंदखेडराजाकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, कुणी सुरत गाठतं, कुणी पुण्याला बांधकामावर. कामाचा कंटाळा असलेली माणसं लेकरंबाळं घेऊन एवढ्या लांब जात नाहीत.

या तक्रारीतूनच एक मागणी पुढे येते: सरकारनं पैसे द्यावेत, पण बदल्यात काम करून घ्यावं. ऐकायला ती रास्त वाटते. मलाही ती अर्धी पटते. उरलेलं अर्धं कुठं अडतं हे समजून घ्यायला नवा प्रयोग करायची गरज नाही; महाराष्ट्रानं तो आधीच केलेला आहे.

1972 च्या दुष्काळात सरकारनं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला, नालाबांधबंदिस्तीला माणसं लावली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे 50 लाख माणसं अशा कामांवर होती. तेव्हा खायला मिळालेल्या सुकडीची आणि मिलो ज्वारीची आठवण आजही वऱ्हाडातली म्हातारी माणसं काढतात. त्याआधी 1969 मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला.

या कायद्यातली अत्यंत मोलाची गोष्ट म्हणजे त्यातली दिशा. सरकार माणसाला सांगत नाही, की काम कर नाहीतर मदत बंद. माणूस सरकारला सांगतो, की मला काम दे. 2005 च्या केंद्राच्या कायद्यानं हेच देशभर नेलं: अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता द्यायचा. मजुरी थकते, मस्टर निघत नाही, ग्रामरोजगार सेवकाच्या मागे खेटे घालावे लागतात, हे सगळं खरं. पण कागदावर तरी मजूर मागणारा आहे आणि सरकार देणेकरी.

दुष्काळी कामांबद्दल एक प्रश्न मात्र उरला होता. उपाशी माणसाला मदत म्हणूनच काम द्यायचं, तर किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर काय बिघडलं? राजस्थान सरकारनं 1964 मध्ये तसा कायदाच केला होता. अजमेर जिल्ह्यातल्या एका रस्त्याच्या कामावरून सामाजिक कार्यकर्ते बंकर रॉय यांनी त्याला आव्हान दिलं. 1983 मध्ये न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठानं निकाल दिला, की दुष्काळी काम हे सरकारचे उपकार नाहीत. माणूस श्रम देतो, त्यातून समाजाची मालमत्ता उभी राहते, आणि गरजेपोटी किमान वेतनाखाली राबावं लागणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 नं मनाई केलेल्या वेठीतच मोडतं. या विषयावर इतकं स्वच्छ बोलणारा दुसरा निकाल माझ्या माहितीत नाही.

ब्रिटनचं न्यायालय तिथवर गेलं नाही. बर्मिंगहॅमची केट रायली ही भूगर्भशास्त्राची पदवीधर. बेकार भत्ता घेत असताना ती एका संग्रहालयात स्वतःहून विनामोबदला काम करत होती, कारण तिला त्याच क्षेत्रात जायचं होतं. 2011 मध्ये तिला सांगण्यात आलं, की ते सोडून पाउंडलँड या दुकानात फळ्यांवर माल लावायला आणि झाडायला जा, नाहीतर भत्ता थांबेल. दोन आठवडे तिनं ते बिनपगारी केलं आणि मग दावा लावला. ऑक्टोबर 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं योजनेचे नियम बेकायदा ठरवले, पण ही सक्तीची मजुरी आहे हे मान्य केलं नाही. तशाच दुसऱ्या एका सक्तीच्या योजनेचा अभ्यास खुद्द ब्रिटिश सरकारनं 2012 मध्ये केला, तेव्हा नोकरी मिळण्यावर तिचा काहीच परिणाम दिसला नाही. शिक्षेसारखं दिलेलं काम माणसाला कामाच्या जवळ नेत नाही, एवढं त्यातून कळलं.

आता आपल्याकडे येऊ. 2024 च्या आषाढीला पंढरपुरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जिचा गाजावाजा केला आणि लोकांनी जिला ‘लाडका भाऊ’ म्हटलं, ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. वय 18 ते 35. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, आणि विद्यावेतन बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. पैसे सरकार थेट खात्यात टाकतं. ज्याच्याकडे मुलगा काम करतो, त्या आस्थापनेला खिशातून काही देण्याचं बंधन नाही. 2025 मध्ये मुदत वाढवून 11 महिने केली. इथं सक्ती कुणावर नाही, हा ब्रिटनपेक्षा मोठा आणि चांगला फरक. तरीही हिशेब करून पाहा.

सरकारी कचेरीचा पाच दिवसांचा आठवडा धरला तर महिन्याचे साधारण 22 दिवस. बारावी झालेल्या मुलीचे 6,000 रुपये म्हणजे दिवसाला सुमारे 273. खासगी ठिकाणी 26 दिवस भरावे लागले तर 231. योजना आली त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवरच्या मजुराचा दर दिवसाला 297 रुपये होता, पुढच्या वर्षी 312 झाला. बारावीपर्यंत शिकलेली, संगणक येणारी मुलगी तहसिलीत बसते, तेव्हा सरकार तिला मातीकामापेक्षा कमी मोल देतं. त्यात मोताळ्याहून राजूर घाट चढून रोज बुलढाण्याला येणं आलं. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, तिच्या भावाला पूर्ण.

सरकारचं उत्तर तयार आहे: हे वेतन नाही, विद्यावेतन आहे, हे कर्मचारी नाहीत, प्रशिक्षणार्थी आहेत, म्हणून किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा यांचे कायदे त्यांना लागू नाहीत. ठीक आहे. शिकणाऱ्याला पूर्ण पगार मिळत नाही, हे खामगावच्या चांदीच्या कारखान्यात हात बसवणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्याला शिकवणारा कारागीर समोर बसलेला असतो, आणि हात बसला की त्याची मजुरी वाढते. मग सरकारी कचेरीतल्या प्रशिक्षणार्थ्याला शिकवतं कोण, आणि शिकून झाल्यावर तो जातो कुठं?

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला जास्त धार येते. खासगी आस्थापनेत किमान 20 माणसं कामाला असली तरच तिला योजनेत भाग घेता येतो. पुण्याला तसे कारखाने गल्लोगल्ली आहेत. मुलगा कामाचा निघाला तर मालक ठेवून घेईल अशी आशा धरता येते. आपल्याकडे खामगाव, मलकापूर, चिखलीच्या औद्योगिक वसाहती सोडल्या तर असे मालक मोजकेच. म्हणून उरतात सरकारी टेबलं: पंचायत समिती, तहसील, जिल्हा परिषद. तिथं अर्ज भरायचे, याद्या करायच्या, ऑनलाइन नोंदी टाकायच्या. काम खरं आहे आणि लागणारंही आहे. पण तिथली भरती सरळसेवा परीक्षेतून होते, आणि टेबलावर 11 महिने बसल्यानं त्या परीक्षेतला एक गुणही वाढत नाही. राज्यभर प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून आंदोलनाला बसले, ते यामुळेच. त्यांना हावरट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या खुर्चीवर त्यांनी रोज काम केलं, ती रिकामी आहे हे ते डोळ्यांनी पाहत होते.

धोका इथंच आहे. लिपिकाचं पद भरायचं तर पगार, निवृत्तिवेतन, सगळं आलं. प्रशिक्षणार्थी 6,000 ते 10,000 रुपयांत मिळतो आणि मुदत संपली की दुसरा येतो. अशानं पद भरायची निकड कमी होते, आणि ज्या मुलाला नोकरी मिळावी म्हणून योजना आणली, त्याच्याच नोकरीच्या जागेवर ती बसते.

याहून बऱ्या वाटा आपल्याच कायद्यांत आहेत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात मालक स्वतः विद्यावेतन देतो, ठरलेला अभ्यासक्रम असतो, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. मालकाचे पैसे लागलेले असले की तो शिकवतोही. शिक्षणसेवकाला तीन वर्षं तुटपुंजं मानधन मिळतं. 2023 मध्ये प्राथमिकसाठी ते 6,000 वरून 16,000 झालं. पण तीन वर्षं नीट झाली की नियमित शिक्षक होता येतं. त्या भरवशावर माणूस हाल काढतो.

आणि विनामोबदला काम म्हटलं की आमच्या जिल्ह्यानं नाक मुरडावं, असंही नाही. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात हजारो सेवेकरी पैसा न घेता झाडलोट करतात, पंगती वाढतात, आणि सेवेला नंबर लागावा म्हणून वाट पाहतात. 2018 च्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं राज्यात दुसरं बक्षीस विभागून मिळवलं, ते 45 दिवस उन्हात श्रमदान करून. तिथं कुणी हजेरी कापत नव्हतं, कुणाचं धान्य थांबणार नव्हतं, आणि अडवलेलं पाणी त्यांच्याच शिवारात मुरणार होतं. हे दाखले देऊन गरिबाकडून फुकट काम मागणाऱ्यांनी या तीन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात.

तेव्हा लाडक्या बहिणीला 1500 रुपयांच्या बदल्यात राबवण्याचा विचार सोडून द्यावा. ती घरात आणि शेतात राबतेच, तिचं मस्टर कुणी भरत नाही एवढंच. युवा प्रशिक्षण मात्र बंद पडू नये, दुरुस्त व्हावं. विद्यावेतन रोजगार हमीच्या दराखाली जाता कामा नये. खासगी मालकानं त्यात काही वाटा उचलावा. मंजूर पद रिकामं असेल त्या टेबलावर, भरतीची जाहिरात निघाल्याशिवाय प्रशिक्षणार्थी बसवू नये. सरळसेवेत अनुभवाचे थोडे गुण द्यावेत. आणि बुलढाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रानं तेराही तालुक्यांची यादी दर सहा महिन्यांनी फलकावर लावावी: किती मुलं घेतली, कोणत्या कामावर बसवली, आणि मुदत संपल्यावर किती जणांना पगाराची नोकरी लागली.