रंगावरून साप ओळखू नये

पावसाळ्यात कोयनानगरच्या परिसरात हिरव्या रंगाचे तीन साप दिसू शकतात: हरणटोळ, गवत्या आणि चापडा. घाईत तिघे एकसारखे वाटतात, पण चापडा विषारी आहे.

रंगावर भिस्त ठेवली तर फसगत ठरलेली. हरणटोळ तपकिरी रंगातही आढळतो. आंबोलीच्या जंगलातला मलबारी चापडा तर हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रूपांत दिसतो आणि तरीही जात एकच.

म्हणून डोकं पाहावं. चापड्याचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे एक छोटा खळगा. या खळग्याने तो उंदराच्या अंगाची ऊब अंधारातही टिपतो. हरणटोळाचं तोंड लांब नि टोकदार, बाहुली आडवी. बिनविषारी गवत्याची बाहुली गोल.

अमेरिकेतल्या कॉर्न स्नेकचे पैदासकारही याच पेचात असतात. एका रूपात काळं रंगद्रव्य नसतं, दुसऱ्यात लाल. काही रूपं इतकी मिळतीजुळती असतात की अनेकदा आईबापांची वंशावळच पाहावी लागते. आपल्याकडे मात्र रानातला साप पकडणं वा पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भारतात मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, चापड्यासाठी नाही. तेव्हा हे निरीक्षण लांबूनच करा, आणि दंश झालाच तर वेळ न दवडता दवाखाना गाठा.