जुन्या ट्रकचा गंज
मंडळी, लोखंड गंजायला हवा आणि ओल दोन्ही लागतात. पाऊस पडतो नि वाळतो. पण आपल्या परभणीकडची काळी चिकण माती चॅसीच्या सांध्यांत बसली, की उघडीप पडली तरी आतून ओलीच. त्यात पोटॅशसारखे खत सांडले, तर क्षाराने गंजाला आणखी जोर येतो.

म्हणून खताची खेप उतरताच ट्रक खालून धुवा, पाणी जायची भोकं मोकळी करा नि उन्हात वाळू द्या. गंज तारेच्या ब्रशाने पार खरवडावा. मग रेड ऑक्साइडचा हात, वर रंग. गंजावरच रंग फासणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे!

कमानपाटे चॅसीला जोडलेले असतात, तिथे हातोडी मारून पाहा. बद्द वाजले, पापुद्रे सुटले, तर भरलेली गाडी रस्त्यावर काढू नका. आधी मिस्त्रीला दाखवा.